पुराच्या रेघेच्या वर

खोली मिळाली ती जुन्या जकात कचेरीची,
सांगलीत, नदीकडे पाठ करून बसलेली.
एक खिडकी, दोन पाली,
आणि भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर मातकट रेघ:
पाणी इथवर चढलं होतं,
अन् नऊ दिवस हललं नव्हतं
न बोलावलेल्या पाहुण्यासारखं.

"आधी ही रेघ घालवू," पेंटर म्हणाला.
थांब, म्हटलं. आधी यादी.

ऊर्ध्वपातित पाणी, रोज वीस लिटर
(कृष्णेचं नको. तिने आमच्या वस्तूंना
आधीच भरपूर पाजलंय).
वाफा ओढून घेणारं कपाट.
वजनकाटा, मिलिग्रॅम दाखवणारा,
हळदीच्या पेठेतला चालणार नाही,
तिथला काटा मापाड्याचं बोटही धरतो.
सूक्ष्मदर्शक, लांब हाताचा,
तोफेचं तोंडसुद्धा खाली मावेल असा.

आवटी भाऊसाहेबांनी यादी उजेडात धरली.
"बाई, आणि यातून उत्पन्न काय?"
मंजूर झाला पाचवा हिस्सा,
आणि तीन कोटेशनं आणा, अशी पाच पत्रं.

मग मी मिरज गाठली.
जिथे गावोगावची माणसं दुरुस्त व्हायला उतरतात
तिथे वस्तूंसाठीही काहीतरी असणारच.
डॉ. पद्मजा चौगुले दवाखाना हलवत होत्या,
दातांची जुनी खुर्ची घेऊन जा म्हणाल्या.
मी नुसता दिवा घेतला, आणि हत्यारांचा ट्रे.
ज्या आकड्याने कुणाच्या दाढेचं कीटण निघालं
त्याच आकड्याने निघेल
पितळी पानदानाच्या नक्षीतला गाळ.
सर्जिकलच्या दुकानात कापूस, सुया, हातमोजे.
"पेशंटचं वय?" दुकानदाराने सवयीने विचारलं.
दोनशे चाळीस.
त्याने बिलावर तसंच लिहिलं.

तंतुवाद्यांच्या गल्लीत रियाजुद्दीन शिकलगारांनी
दाणेदार लाख दिली, सरस कुठला घ्यावा ते सांगितलं.
आमच्या गंजक्या तलवारीचा फोटो बघताना
त्यांचा अंगठा आपसूक फोटोतल्या धारेवरून फिरला.
"आमचे पणजे हिचा आरसा करून देत.
मग तलवारी संपल्या. आम्ही भोपळ्यांना तारा लावल्या."
चमकवायची नाही, चाचा. गंज थांबवायचा, इतकंच.
बराच वेळ ते पत्तीवर पत्ती घासत राहिले.
"थांबवणं," मग म्हणाले,
"आम्हाला कुणी शिकवलंच नाही."

राहिला फ्रीझर. पाचव्या हिश्श्यात तो बसेना.
तशीही भिजलेली एकशे बारा बाडं
तेव्हापासून तासगावात आहेत,
कोगनोळेंच्या कोल्ड स्टोरेजमध्ये, बेदाण्याच्या पलीकडे
आईस्क्रीमवाल्यांच्या उणे अठराच्या खोलीत,
मोडी अक्षरं दात आवळून.
दर अमावास्येला सिदगोंडा एस.टी.ने जातो
आणि मोजून येतो.
कोगनोळे भाडं घेत नाहीत.
कागदांना गोडसर वास लागलाय,
त्याबद्दल मीही काही बोलत नाही.

काल वायरमन आला.
"सॉकेट किती उंचीवर घ्यायचे, मॅडम?"
खोलीतले सगळे रेघेकडे बघायला लागले.
वर, म्हटलं. तिच्या दीड हात वर.
कपाटं, वायरी, औषधं, सगळं वर.
"मग ही पुसू का?" पेंटर. ब्रश ओला.

मी नोंदवही उघडली, कोरी, न फुटणाऱ्या शाईची.
वस्तू क्रमांक एक: रेघ.
माध्यम: गाळ, चुन्याच्या भिंतीवर.
लांबी: खोलीभर.
प्राप्ती: नदीकडून, न मागता.
अवस्था: स्थिर.
उपचार: काही नाही. रंगाऱ्यास लांब ठेवावे.

आज चहाची किटली लावायला गेला
तर सिदगोंडाचा हात सॉकेटला पोचेना.
यादीत एक ओळ वाढवली:
स्टूल, लाकडी, एक.
कोटेशनं तीन.